जप्तीचे फर्मान आणि अर्जुनाचा रथ

साप्ताहिक सदर : फासे आणि सोंगट्या

चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि वीस पैलूंचा फासा एवढ्या सामग्रीवर जो भूमिकांचा खेळ रात्र रात्र रंगवतात, त्यातल्या सूत्रधाराच्या हाती जेवढी सत्ता असते तेवढी एखाद्या संस्थानिकाच्याही हाती क्वचितच असेल. कारण पाऊस पाडायचा की दुष्काळ, राक्षस जागा करायचा की निजू द्यायचा, याचा सारा अखत्यार त्याच्याकडे असतो आणि त्याच्या निकालावर अपील चालत नाही. ही सत्ता तो कशी वापरतो याची खरी परीक्षा खेळाडूचे पात्र मारताना होत नाही, असे माझे मत आहे. ती होते त्या पात्राची जिवापाड जपलेली तलवार मोडताना.

हे विधान वरवर विचित्र वाटेल. परंतु गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हापासून मृत्यू हा या खेळाच्या करारनाम्यातच आहे, आणि तो मान्य करूनच माणूस मेजापाशी बसतो. वस्तूचे तसे नाही. त्या आरंभीच्या नियमांत भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे. म्हणजे संपत्ती हीच पराक्रमाची मोजणी होती, आणि खेळाडूच्या कागदावर लिहिलेली ढाल किंवा अंगठी ही नुसती मालमत्ता नसून, अमुक रात्री आपण अमुक संकटातून वाचलो याचा तो दाखला होता. सूत्रधाराने दिलेली असली तरी ती त्याने दिलेले इनाम नव्हे. ती कमाई आहे, आणि कमाई जप्त करणाऱ्याला कारण दाखवावे लागते.

अशी कारणे या खेळाने सुरुवातीपासून मोठ्या कल्पकतेने निर्माण केली. हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांतील एक ओबडधोबड प्राणी पाहून गायगॅक्स यांना ‘रस्ट मॉन्स्टर’ सुचला आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत तो अवतरला. याच्या मिशांचा स्पर्श होताच लोखंडाचा गंज होतो आणि तो गंज हा प्राणी खातो. माणसाच्या रक्तमांसाशी त्याला कर्तव्य नाही. ज्या योद्ध्याने अजगरांपुढे पाऊल मागे घेतले नाही तो आपल्या चिलखताच्या काळजीने या निरुपद्रवी जनावरापुढून पळत सुटतो, आणि एरवी सर्वांच्या पाठीमागे लपणारा, लाकडी काठीखेरीज काही न बाळगणारा मांत्रिक एकाएकी आघाडीला येतो, ही उलथापालथ मला या खेळातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. शिवाय, मूठभर लोखंडी खिळे त्याच्यापुढे फेकले तर तो ते खायला थांबतो आणि तेवढ्यात निसटता येते. म्हणजे हे संकट ओळखता येते, टाळता येते, त्याच्यावर युक्ती चालते. मोडलेल्या तलवारीचा सल उरतोच. पण तो सल खेळाडूच्या स्वतःच्या निर्णयाचा असतो.

गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात तर वस्तूंसाठी एक स्वतंत्र कोष्टकच दिले. काच, कापड, चामडे, कागद, हाड, लाकूड, धातू अशा एकेका द्रव्याने आम्ल, अग्निगोल, वीज, हिम किंवा उंचावरून पडणे यांपैकी कशापुढे किती टिकावे याचे आकडे त्यात होते, आणि त्या आकड्यांशी फासा ताडून वस्तूचे भवितव्य ठरे. हे काम कंटाळवाणे होते, अनेक मेजांवर ते टाळलेही जाई, हे मी नाकारत नाही. परंतु त्या रूक्ष तक्त्याने सूत्रधाराची लहर आणि खेळाडूची ठेव यांच्यामध्ये एक निःपक्षपाती पंच उभा केला होता.

पुढच्या पिढ्यांनी हा पंच हळूहळू सेवानिवृत्त केला. २००९ च्या एका ग्रंथात रस्ट मॉन्स्टरने खाल्लेल्या जादुई वस्तूच्या किमतीइतके मंतरलेले चूर्ण त्याच्या पोटातून काढून घेण्याची सोय झाली, आणि २०१४ च्या नियमांत जादुई लोखंडाला त्याचा गंज चढेनासाच झाला. या दोन्ही तोडग्यांमागचा सद्भाव मी जाणतो. पण ते मला पटत नाहीत. पहिला जमाखर्च जुळवतो आणि त्या वस्तूला जडलेल्या आठवणींची किंमत शून्य धरतो. दुसरा तर गमावण्याची भीतीच काढून घेतो, आणि जे गमावता येत नाही ते जपायचे तरी कशासाठी?

या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी शल्यपर्व आठवते. दुर्योधन पडल्यावर पांडव कौरवांच्या शिबिरापाशी येतात, तेव्हा कृष्ण अर्जुनाला सांगतो की गांडीव आणि दोन्ही अक्षय भाते घेऊन तू आधी खाली उतर, मी मागून उतरतो. आणि कृष्ण उतरताच ध्वजावरचा कपी अंतर्धान पावतो व तो दिव्य रथ घोड्यांसकट भस्म होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळालेला होता, मी बसलो होतो म्हणूनच तो उभा होता, असे कृष्ण मग समजावतो. ज्या नाशाचे कारण मागच्या अनेक दिवसांच्या रणात सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले आहे, जो काम पुरे होईपर्यंत थोपवून धरलेला आहे, आणि ज्याच्या आधी धनुष्य हाती घेऊन उतरायला सवड दिलेली आहे, त्या नाशावर अर्जुनाची फिर्याद असू शकत नाही. त्याला विस्मय वाटतो, आणि तो विस्मयच त्या प्रसंगाचे धन आहे.

मी स्वतः सूत्रधार असताना एकदा याच्या नेमके उलट वागलो. आमच्या मंडळीतल्या एका तरुणाच्या पात्राकडे एक ढाल होती. चौदा महिन्यांच्या खेळात जे जे साथीदार पडले त्यांची नावे त्याने तिच्यावर कोरली होती, म्हणजे आपल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिली होती. त्या ढालीमुळे माझे राक्षस निष्प्रभ होत होते. एका शनिवारी आम्लाचा लोट आणून, फासा न टाकता, मी ती वितळल्याचे जाहीर केले. तो काही बोलला नाही. त्याने खोडरबर घेतले आणि ती नावे एकेक करून पुसली, आणि पुढच्या शनिवारी तो आला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, त्याच मेजावर, एका मुलीने मिटत चाललेल्या दगडी दारात आपला भाला आडवा घातला. तो मोडेल हे मी तिला आधी सांगितले होते. बाकीचे चौघे अजून आत होते, हे तिला दिसत होते. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि भाला मोडला. मेजावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग तिने पेन्सिल उचलली. कागदावरची ती ओळ तिने पुसली नाही. तिच्यावरून एक रेघ ओढली, आणि समासात त्या रात्रीची तारीख घातली.

— सारीपाटकर