रात्री लावलेले काम सकाळी झालेले का दिसत नाही?



आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, दुकानात संगणकावर हिशेब लिहितात. दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, रात्री आपोआप निघावा म्हणून विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’वर काम लावून ठेवतात आणि निर्धास्त होतात. मग एखादे दिवशी हार्ड डिस्क बिघडते. तेव्हा कळते की कित्येक महिने प्रत निघालेलीच नाही! नुकसान होते ते रोज पन्नास रुपये भरणाऱ्या खातेदाराचे, आणि जाब विचारला जातो टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला.

हाताने चालवले तर तेच काम बिनतक्रार चालते. मग रात्री का अडते? हाताने चालवताना ते तुमच्या नावाने चालते. रात्री मात्र ज्या खात्याच्या नावाने लावले असेल, त्याच्याच अधिकारात चालते. सहीचा अधिकार नसलेल्याचे व्हाउचर पास होत नाही, तसाच हा प्रकार.

प्रथम त्या कामापुढचा ‘लास्ट रन रिझल्ट’ वाचा. तेथे ०एक्स८००७०००५ असेल तर परवानगी नाकारली आहे. ०एक्स८००७०५२ई असेल तर खात्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. पासवर्ड बदलला तरी कामात जुनाच साठवलेला राहतो. कामाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ओके करा आणि विचारल्यावर नवा पासवर्ड द्या.

परवानगीचा अडथळा असेल तर ‘जनरल’ पानावर काम कोणत्या खात्याने चालते ते पाहा. ज्या फोल्डरमध्ये प्रत जायची, त्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर त्याच खात्याला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. प्रत दुसऱ्या संगणकावर जात असेल तर झेड ड्राइव्हसारखे अक्षर वापरू नका. ते अक्षर त्या त्या माणसाच्या लॉगिनपुरतेच असते. त्या संगणकाच्या नावासह पूर्ण पत्ता लिहा. कोणी लॉगिन नसताना काम चालवायचे असेल, तर त्या खात्याला ‘लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब’ हा हक्कही लागतो.

‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची खूण मात्र सरसकट करू नका. खाते प्रशासकाचे असेल आणि कामाला खरोखर गरज असेल तरच करा. कंटाळून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देणे तर सर्वांत वाईट. मोठ्या अधिकाराने चालणारी फाइल कोणालाही बदलता आली, तर तिजोरीची चावी दारावर टांगल्यासारखेच झाले. जेवढे काम तेवढाच अधिकार द्यावा.

शेवटी ‘रन’ करून पाहा. रिझल्ट ०एक्स० आला म्हणजे प्रोग्रामने चूक कळवली नाही, एवढेच. प्रत खरोखर निघाली का, हे फाइलची तारीख व आकार पाहून, महिन्यातून एकदा ती उघडून पडताळा. खातेदाराचा पैसा हा त्याच्या घामाचा पैसा असतो. त्याची नोंद सांभाळणाऱ्याने सकाळची ही दोन मिनिटे काढलीच पाहिजेत.