दुसरे कपाट

लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जाताना मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली. या ग्रंथालयातील पोलादी फडताळांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत. वरचा उजेड खाली झिरपावा, ही त्यामागील योजना. संग्रहास जागा हवी, तशीच ठेवलेली वस्तू हाती लागण्याची सोयही हवी, हा विचार त्यात दिसतो.

आज हाच प्रश्न संगणकाच्या रूपाने उभा आहे. घराघरांतील मोडी पत्रे, वंशावळी, जुनी छायाचित्रे यांच्या प्रतिमा तरुण मंडळी सर्व्हरवर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या संगणकावर, साठवू लागली आहेत. तेथील जागा किती झपाट्याने संपते, याचा हिशेब उद्बोधक आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. तीनशे पानांचा ग्रंथ अक्षरांत उतरविल्यास सुमारे १५ लाख बाइट पुरतात. उलट, ए-४ आकाराच्या एकाच पानाची रंगीत प्रतिमा, इंचाला ३०० बिंदू घेऊन, न आकुंचविता ठेवल्यास सुमारे २ कोटी ६० लाख बाइट खर्ची पडतात. आजोबांच्या पत्राचे एक पान असे सतरा ग्रंथांची जागा अडविते!

यावर उपाय म्हणून दुसरी हार्ड डिस्क बसवितात. परंतु नवे कपाट ओसरीवर आणून ठेवल्याने संसार लागत नाही. डिस्क पेटीत बसवून तारा जोडल्यावर तिचे विभाग पाडावे लागतात. मग फॉरमॅट करून फाइलींची व्यवस्था लावावी लागते. शेवटी तिला संगणकाच्या रचनेत एक ठिकाण नेमून द्यावे लागते, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना ती आपोआप जोडली जावी, अशी नोंदही करावी लागते. फॉरमॅट करण्यापूर्वी डिस्कचे नाव व आकार दोनदा ताडून पाहावा. चुकून जुनीच निवडली गेली, तर होता नव्हता तो संग्रह पुसला जाईल.

याहून महत्त्वाचा एक विवेक आहे. दोन डिस्क जोडून एकच मोठी जागा केली, तर सोय होते, पण जोखीमही वाढते. त्यांपैकी एक बिघडली, तरी सारा संग्रह संकटात येतो. उलट, दोहोंवर तेच लिहीत राहिल्यास एकीचा बिघाड सोसता येतो; मात्र जागा तिळभरही वाढत नाही. शिवाय एकीवरून खोडलेले दुसरीवरूनही तत्काळ खोडले जाते. म्हणून तिसरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या घरी ठेवणे इष्ट.

तेव्हा ज्या कुटुंबांत असा संग्रह सुरू झाला असेल, त्यांनी डिस्क विकत घेण्यापूर्वीच विचारावे: आपणांस जागा हवी आहे, की प्रत? बहुधा दोन्ही हव्या असतात, आणि त्यांचा खर्च निरनिराळा धरावा लागतो. आणि प्रतिमा निघाल्या म्हणून मूळ कागद रद्दीत घालण्याची घाई कोणी करू नये. कोरड्या पेटीत नीट जपलेल्या मोडी पत्राला ना वीज लागते, ना दुसरी डिस्क.