कायद्याचा सल्ला : बाळंतपणातली हलगर्जी

आकुर्डीच्या एक भगिनी विचारतात, "बाळ जन्मल्यावर उशिरा रडले. आता दीड वर्षाचे झाले तरी मान धरत नाही. डॉक्टर 'सेरेब्रल पाल्सी' म्हणतात. यजमान कारखान्यात आहेत, बाळंतपण ई.एस.आय.च्या इस्पितळात फुकट झाले. दाद मागता येईल का?"

होय ताई, येईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार होतात ती इस्पितळे वगळली. पण ई.एस.आय.साठी वर्गणी भरलेली असते, म्हणून तिथला रुग्णही ग्राहकच, असे २००७ मध्ये ठरले.

आधी कागद मिळवा. केसपेपर, कळांच्या आणि बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी यांसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ७२ तासांत नकला द्याव्या लागतात. मग दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत घ्या. हा विकार पुष्कळदा गर्भातच सुरू झालेला असतो. नुसता संशय पुरत नाही, हलगर्जी सिद्ध करावी लागते.

तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. मुदत दोन वर्षांची, म्हणजे सहाच महिने उरले असे धरून चाला. वकील नसला तरी चालते. १९९८ च्या निकालाप्रमाणे बाळाबरोबर आईबापांनाही भरपाई मागता येते.

निकालाला वेळ लागेल. तोवर अपंगत्वाचा दाखला काढून 'निरामया' विमा योजनेत नाव घाला, एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. आणि हो, बाळाचे व्यायाम मात्र एक दिवसही चुकवू नका!