गुडघ्याची वाटी आणि यंत्राचा हात

जिना उतरतांना किंवा पाटावरून उठतांना गुडघ्याच्या पुढील भागांत कळ येते, सपाटीवर मात्र विशेष त्रास नाहीं, अशी तक्रार करणारीं माणसें चाळिशींतहि आढळतात. त्यांस एकजण तेल चोळावयास सांगतो, दुसरा सबंध गुडघाच बदलून टाकावयास सांगतो. ह्या दोहोंमधील एका मार्गाची माहिती आज देत आहों.

गुडघ्याच्या सांध्यांत तीन कप्पे असतात: आंतील बाजूचा, बाहेरील बाजूचा, आणि तिसरा पुढचा. ह्या तिसऱ्यांत वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणींत वरखालीं सरकते. कांहींजणांची केवळ येथील कूर्चा झिजते. अशा वेळीं सबंध सांधा बदलणें म्हणजे एका विषयांत नापास झालेल्या मुलास साऱ्या विषयांच्या परीक्षेस पुन्हां बसविणें होय. त्याऐवजीं खोबणीवर धातूचें आवरण व वाटीच्या मागें प्लॅस्टिकची चकती बसवितात. अस्थिबंध व इतर निरोगी भाग तसेच राहतात. आरंभींच्या काळांत बसविलेल्या कृत्रिम भागांत वाटी नीट सरकत नसे, अडके, म्हणून हा उपाय मागें पडला होता.

येथें रोबोट उपयोगी पडतो. कांहीं यंत्रांत सीटी स्कॅनवरून आधीं आंखणी करतात, आणि शल्यवैद्याच्या हातांतील कोरणी त्या मर्यादेबाहेर जाऊं लागली कीं यांत्रिक हात तीस अडवितो. शस्त्रक्रिया मात्र वैद्यच करतो. १९२० सालीं कारेल चापेक ह्या चेक नाटककारानें प्रचारांत आणलेला हा शब्दच मुळीं ‘वेठ’ ह्या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. वेठीच्या गड्यानें सांगितलेलें काम करावें, काम कोणतें तें धन्यानें ठरवावें.

यंत्रानें अचूकपणा वाढतो; तेवढ्यानें कृत्रिम भाग अधिक वर्षें टिकतो, हें अजून सिद्ध व्हावयाचें आहे. शिवाय उरलेले कप्पे पुढें झिजल्यास सबंध सांधा बदलण्याची पाळी येऊं शकते, आणि तरुण रोग्यापुढें आयुष्य मोठें असतें.

म्हणून वैद्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे. बाकीचे दोन कप्पे खरोखर निरोगी आहेत काय? वजन उतरविणें व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हे उपाय पुरते करून झाले काय? पुढें दुसरी शस्त्रक्रिया करावी लागल्यास ती कितपत अवघड होईल? ह्यांचीं उत्तरें समजून घेतल्यावांचून, केवळ यंत्राच्या नांवास भुलून, कोणीं संमतिपत्रावर सही करूं नये.