त्यांना ठाऊक होते

थोर पुरुषांच्या आचरणातील विसंगती कोणी दाखवू लागला की एक उत्तर ठरलेले असते : त्यांना त्यांच्या काळाच्या मापाने मोजा. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. माणूस आपल्या काळाच्या समजुतींतून पूर्णपणे सुटू शकत नाही. परंतु काळाच्या नावावर किती खपवून घ्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधावयाचे तर जाहीरनामे आणि भाषणे क्षणभर बाजूला ठेवून या पुरुषांची पत्रे वाचावी लागतात.

अमेरिकेच्या प्रजासत्ताकाचे संस्थापक हे विलक्षण पत्रलेखक होते. एकट्या जेफरसनने आयुष्यात सुमारे १९ हजार पत्रे लिहिली. वॉशिंग्टन, जॉन ॲडम्स, मॅडिसन आदींचा सरकारी आणि खाजगी पत्रव्यवहार अभ्यासकांनी कित्येक दशके खपून संपादित केला आणि २०१३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तो सर्वांना विनामूल्य वाचण्यास खुला केला. ही पत्रे वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. काळाचा बचाव या मंडळींना लागू पडत नाही. कारण आपण काय करीत आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ॲडम्स दांपत्याचेच उदाहरण घ्या. ३१ मार्च १७७६ रोजी ॲबिगेलने फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये बसलेल्या आपल्या पतीस लिहिले की, नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, पतींच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. जॉनने १४ एप्रिलच्या उत्तरात ही मागणी हसण्यावारी नेली. एवढ्यावर थांबलो तर तो त्या काळचा एक पती ठरतो. परंतु मे महिन्यात जेम्स सलिव्हन यांना त्याने जे लिहिले, त्यात विनोद नाही. मतदानासाठी असलेली मालमत्तेची अट एकदा सैल केली की मागण्यांना अंत राहणार नाही. स्त्रिया मत मागतील, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही तो माणूसही समान अधिकार मागेल, असे तो बजावतो. पत्नीचा युक्तिवाद त्याला कळला नव्हता असे नव्हे. तो कोठवर जाऊन पोचेल हे कळले होते, म्हणूनच दार लावून घेतले गेले. अमेरिकेच्या राज्यघटनेने मतदानातील लिंगभेद अमान्य करावयास १९२० साल उजाडले.

जेफरसनची गोष्ट अधिक बोलकी आहे. ऑक्टोबर १७८५ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथून त्याने मॅडिसनला एक पत्र लिहिले. वाटेत भेटलेल्या एका गरीब मजूर स्त्रीशी तो बोलत चालला होता. तिची मजुरी, तिची दोन मुले, कामाविना जाणारे दिवस हे सारे त्याने विचारून घेतले आणि निरोप घेताना तिच्या हातावर काही पैसे ठेवले. त्या भेटीने तो विचारात पडला. जमीन पडीक आहे आणि हातांना काम नाही, तेथे मालमत्तेच्या कायद्यांनी निसर्गदत्त हक्काची पायमल्ली केली आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. मोठ्या मालमत्तेवर चढत्या श्रेणीने कर बसवावा असेही सुचविले. समाजवाद्याला आपलेसे वाटावे असे हे पत्र आहे. मात्र ते लिहिणाऱ्याच्या व्हर्जिनियातील मळ्यावर राबणारी माणसे त्याच्या मालकीची होती. आयुष्यभरात अशी सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीत होती.

ही विसंगती त्याला कोणी दाखविली नव्हती काय? दाखविली होती, आणि तीही लेखी. १९ ऑगस्ट १७९१ रोजी मेरीलँडमधील बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने परराष्ट्रमंत्री जेफरसनला स्वतः तयार केलेले पंचांग पाठविले, आणि सोबतच्या पत्रात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील त्याच्याच शब्दांची आठवण करून दिली. सर्व माणसे समान जन्मतात असे लिहिणारा माणूस आमच्या बांधवांना बंधनात कसा ठेवतो, असा तो सरळ सवाल होता. अकरा दिवसांनी जेफरसनचे सौजन्यपूर्ण उत्तर आले : पंचांग आपण पॅरिसला काँदॉर्से यांच्याकडे पाठवीत आहोत. मूळ प्रश्नाला उत्तर नव्हतेच. हा पत्रव्यवहार लौकरच पुस्तिकारूपाने छापलाही गेला. पुढे १८०९ साली, बॅनेकर हयात नसताना, जोएल बार्लो यांना लिहिलेल्या खाजगी पत्रात जेफरसनने त्याच बॅनेकरच्या बुद्धीला सामान्य ठरविले आणि त्याच्या गणितामागे दुसऱ्याचा हात असावा असा संशय घेतला.

वॉशिंग्टनबाबत तर सरकारी आणि खाजगी यांतील सीमारेषाच पुसट होते. गुलामगिरी कायद्याने संपावी अशी आपली इच्छा असल्याचे त्याने १७८६ मध्ये रॉबर्ट मॉरिस यांना कळविले होते. पुढे तो अध्यक्ष झाला आणि राजधानी फिलाडेल्फियास आली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार तेथे सहा महिने राहिलेल्या गुलामास स्वातंत्र्य मागता येत असे. एप्रिल १७९१ मध्ये वॉशिंग्टनने आपला चिटणीस टोबायस लिअर यास लिहिले की, गुलामांना राज्याबाहेर हलवावे, आणि ते अशा सबबीखाली की त्यांना व जनतेलाही खरे कारण कळू नये. ज्याला आपले कृत्य निर्दोष वाटते, त्याला सबब कशाला लागते?

मे १७९६ मध्ये त्याच घरातून ओना जज ही तरुण दासी निसटली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पोचली. तिला परत आणण्यासाठी अध्यक्षाने अर्थमंत्र्यास लिहिले, आणि पोर्टस्मथचे जकात अधिकारी जोसेफ व्हिपल यांच्यावर ते काम आले. व्हिपल तिच्याशी बोलले. वॉशिंग्टन दांपत्याच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचे वचन मिळाले तर परत येईन, ही तिची अट त्यांनी कळविली. वॉशिंग्टनने नोव्हेंबरमध्ये ती धुडकावली. बेइमानीला असे बक्षीस दिले तर इतर गुलामांत असंतोष माजेल, हे त्याचे कारण. ओना परतली नाही. १८४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत कायद्याच्या लेखी ती फरारीच होती. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली, हेही नमूद केले पाहिजे. पण ओना मार्थाच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेत मोडत असल्याने त्या तरतुदीचा तिला काहीच उपयोग नव्हता.

म्हाताऱ्या जेफरसनने १८२० मध्ये जॉन होम्स यांना लिहिले की, आपण लांडग्याचे कान धरून ठेवले आहेत. त्याला धरून ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. एका पारड्यात न्याय आहे आणि दुसऱ्यात आत्मरक्षण, हेही त्याने कबूल केले. पारडे कोठे झुकले ते १८२७ च्या जानेवारीत दिसले. त्याचे कर्ज फेडण्यासाठी माँटिसेलोवर सुमारे १३० माणसे लिलावास उभी करण्यात आली.

तेव्हा काळाचे माप लावायचेच असेल तर ते नीट लावावे. त्या काळात वॉशिंग्टन होता तशी ओना जजही होती. जेफरसन होता तसा बॅनेकरही होता. ॲबिगेलही त्याच काळाची. काळ म्हणजे केवळ मालकांचे मत, असे कोणी ठरविले? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. अमेरिकेत कोणाकडे पाहावे याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. संस्थापकांची पत्रे आज वाचताना आपल्याही मनात तो राहण्याचे कारण नाही.