लॉकर हवा असेल तर पॉलिसी घ्या? बँकेचा आग्रह नियमात बसतो का?

लॉकरसाठी अर्ज करायला गेलेल्या ग्राहकाला सुरुवातीला ‘लॉकर शिल्लक नाही’ असे सांगितले जाते. थोड्या वेळाने ‘एक पॉलिसी काढा, बघू काहीतरी’ असा सूर लागतो. मुदत ठेव ठेवायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हाती विम्याचा अर्ज पडल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. अशा वेळी ग्राहकाने काय करावे?

आग्रह कशासाठी?

बँका विमा कंपन्यांच्या कॉर्पोरेट एजंट असतात आणि विकलेल्या पॉलिसीवर त्यांना कमिशन मिळते. त्यातून शाखांना टार्गेट येते आणि त्याचा ताण काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही चुकीच्या पद्धतीने होणाऱ्या विमाविक्रीवर बोट ठेवले होते.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार विमा घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. बँकेची कोणतीही सेवा विम्याशी जोडता येत नाही.

लॉकरचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार:

• लॉकरच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी लागते. लॉकर शिल्लक नसेल तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यावा लागतो.

• तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव बँक मागू शकते. व्यवहार चांगले असलेल्या जुन्या खातेदाराकडे तिचाही आग्रह धरता येत नाही.

• लॉकरमधील ऐवजाचा विमा बँकेला विकता येत नाही.

पॉलिसी आधीच घेतली असेल तर?

पॉलिसीची कागदपत्रे हाती आल्यापासून ३० दिवसांत आयुर्विमा पॉलिसी परत करता येते. याला ‘फ्री-लूक’ कालावधी म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. ही मुदत गेली तर पैसे अडकू शकतात, म्हणून पॉलिसी हाती येताच वाचा.

तक्रार कुठे करायची?

१. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराचा पुरावा उरत नाही.

२. बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

३. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी हेल्पलाइन क्रमांक १४४४८ आहे.

समोरचा कर्मचारीही टार्गेटखाली असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून फारसे काही साधत नाही. ‘पॉलिसीशिवाय लॉकर मिळणार नाही, हे लेखी द्या’ एवढीच मागणी करा. नियमात न बसणारी अट लेखी देणे बँकेला अडचणीचे ठरते.