‘अमोनिया-फ्री’ आहे ना, मग कसली ॲलर्जी?

लग्नसराई सुरू झाली की दवाखान्यात एक ठरावीक चेहरा हमखास दिसतो. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे धड उघडत नाहीत, कपाळावर केसांच्या कडेने लाल पट्टा, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, मानेवर खाजून खाजून पाणी सुटलेलं. गेल्या वर्षी अशाच एक बाई आल्या. दुसऱ्या दिवशी पुतण्याची हळद. “डॉक्टर, काल बाहेर जेवलो, त्याचंच असणार.” मी विचारलं, केस कधी रंगवले? “परवा. पण आमचा कलप अमोनिया-फ्री आहे हो. आणि सहा वर्षं तोच लावतेय!”

तुम्हीही हेच म्हणाला असता. म्हणूनच हे लिहितोय.

अमोनियाचं काम एवढंच, की केसाच्या बाहेरचे खवले उघडायचे आणि रंगाला आत जायला वाट करून द्यायची. त्याचा वास उग्र असतो, डोळे चुरचुरतात, केस कोरडे होतात. पण वर सांगितलेली सूज बहुतेक वेळा त्याच्यामुळे येत नाही. ती आणतो पॅराफेनिलीनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. केसांना पक्का काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत हा किंवा याचाच एखादा भाऊबंद असतो. पाकिटावर ‘अमोनिया नाही’ हे ठळक छापलेलं असतं आणि पीपीडीचं नाव मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत. याला मी फसवणूक म्हणणार नाही, पण प्रामाणिकपणाही म्हणणार नाही.

आता सहा वर्षांचं. ॲलर्जी ही वस्तू नवी असताना येते असा आपला समज असतो. पीपीडीच्या बाबतीत बऱ्याचदा उलट घडतं. शरीरातल्या पेशींची त्याच्याशी वारंवार ओळख होते, आणि एक दिवस त्या त्याला शत्रू ठरवतात. एकदा ठरवलं की सहसा जन्मभर विसरत नाहीत. शिवाय ही प्रतिक्रिया लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी येते. तोवर आपण बाहेर जेवलेलो असतो, नवी क्रीम लावलेली असते, आणि आळ भलत्याच गोष्टीवर जातो.

माझाही गेलेला आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा किती पेशंटना मी “काय खाल्लं?” विचारून ॲलर्जीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असेल, देव जाणे. केसांबद्दल विचारायचं सुचलंच नाही. त्यांतल्या काहींनी पुढच्या महिन्यात पुन्हा तोच कलप लावला असणार.

काळ्या मेंदीचं प्रकरण तर आणखी वाईट. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग केशरी-तांबडा. पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी कधीही काळी चढत नाही. निळीच्या पानांची पूड वापरून काळपट रंग आणता येतो, पण त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळेभोर केस करणारी ‘हर्बल मेंदी’ दिसली, तर त्यात पीपीडी आहे असं धरून चाला. मुलांच्या हातावर काळ्या मेंदीची नक्षी तर अजिबात काढू नका. तिथून लागलेली ॲलर्जी त्यांना मोठेपणी पहिल्याच कलपाच्या वेळी भोवू शकते.

माझं म्हणणं, कलप लावूच नका, असं नाही. पन्नाशीत काळे केस हवेसे वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. (मी स्वतः सोडून दिलं, ते निव्वळ आळसामुळे.) पण चाचणी करा. कलपाच्या पाकिटावर ही सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती प्रत्येक वेळी करायची असते, फक्त पहिल्यांदा नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, सूचनेप्रमाणे थोडासा कलप लावा आणि दोन दिवस वाट बघा. खाज, लाली, पुरळ, काहीही आलं तर तो डबा कचऱ्यात. पार्लरमध्ये जाणार असाल तर दोन दिवस आधी थेंबभर लावून घ्यायला जा. त्यांना वेळ नसेल तर पार्लर बदला. आधी कधी जोरात सूज आली असेल तर मात्र घरी चाचणी करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. भुवया आणि पापण्यांना कलप कधीच नाही, डोळा जाऊ शकतो. ओठ-जीभ सुजली, श्वास अडखळला, तर माझ्याकडे नको, थेट मोठ्या हॉस्पिटलला. आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पोटात गेलेला कलप घसा सुजवतो, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी करतो.

रंगवलेल्या केसांची निगा सोपी आहे. एक-दोन दिवस शाम्पू नको, नंतर सौम्य शाम्पू, कंडिशनर, कोमट पाणी, उन्हात ओढणी किंवा टोपी. महागड्या सीरमने मेलेला केस जिवंत होत नाही.

त्या बाईंना स्टेरॉइडचा छोटा कोर्स द्यावा लागला. हळदीला त्या गॉगल लावून गेल्या. आठवड्याने तपासायला आल्या तेव्हा चेहरा निवळला होता. “आता पुन्हा कधी लावू?” मी म्हटलं, पीपीडीवाला कधीच नाही. आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर ही ॲलर्जी आधी सांगा, कारण भूल देणाऱ्या काही औषधांशी तिचं नातं असतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

एक राहिलं. तुम्हाला महिन्यातून एकदा लागणारा कलप सलूनमधल्या पोराच्या हाताला दिवसातून कितीदा तरी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने घरगुती वापराबद्दल ठाम निष्कर्ष काढलेला नाही, पण केशकर्तनाच्या व्यवसायातल्या संपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे. भेगा पडलेल्या, लाल झालेल्या बोटांनी काम करणारे असे दोघे-तिघे माझे पेशंट आहेत. पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की त्याला आधी हातमोजे घालायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलं तर मालक आणून देतो.